गिरणगावचा पुनर्विकास आणि प्रवाशाची वाट : मुंबईतील एका सार्वजनिक वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागाचा पुनर्विकास आणि त्या भागात माणसांची ने-आण करणारी सार्वजनिक वाहतूक हे दोन विषय आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. शासनव्यवहारातही ते वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. प्रत्यक्ष शहरात मात्र त्यांची फारकत करता येत नाही, कारण बांधकामाच्या प्रत्येक नव्या चौरस मीटरबरोबर त्या ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची संख्या वाढते. ही फारकत केल्यास काय घडते, याचे मुंबईतील गिरणगाव हे ठळक उदाहरण आहे.

गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे, हा प्रश्न १९८२ च्या संपानंतर हळूहळू पुढे आला आणि १९९१ ते २००६ या काळात तो महाराष्ट्रातील एक प्रमुख सार्वजनिक वाद ठरला. विधिमंडळ, न्यायालये, कामगार संघटना, पर्यावरणवादी संस्था, नगररचनाकार आणि वृत्तपत्रे या सर्वांनी त्यात भाग घेतला. हा वाद मुख्यतः क्षेत्रफळाचा होता. कोणाला किती जमीन मिळावी, याचा त्यात कसून विचार झाला; परंतु त्या जमिनीवर रोज येणारा माणूस रेल्वेच्या फलाटावरून बाहेर कसा पडणार, या प्रश्नाला निर्णयप्रक्रियेत स्थान मिळाले नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची कारणे आणि परिणाम यांचा विचार करावयाचा आहे.

पायी अंतरावरील शहर

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. तिच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला होता. पुढील काही दशकांत लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी आणि प्रभादेवी या परिसरात गिरण्यांची दाटी झाली आणि त्यांच्या सभोवती चाळी उभ्या राहिल्या. गिरणी, चाळ, खाणावळ, बाजार आणि व्यायामशाळा या साऱ्या गोष्टी एकमेकींपासून पायी अंतरावर असणे हे या वस्तीचे नियोजनशास्त्रीय वैशिष्ट्य होते. भोंगा वाजला की कामगार घरातून निघे आणि चालत गिरणीच्या दरवाजापर्यंत पोहोचे. कामाच्या वेळा पाळ्यांत विभागलेल्या असल्याने रस्त्यावरील गर्दीही दिवसभरात वाटली जाई.

या परिसरातून दोन लोहमार्ग जातात. मध्य रेल्वेवर चिंचपोकळी, करी रोड आणि परळ, तर पश्चिम रेल्वेवर लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके आहेत. एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ मध्ये बदलून प्रभादेवी करण्यात आले. हे स्थानक आणि परळ स्थानक परस्परांना लागून आहेत. कामगारवर्गाचा मोठा भाग जवळपासच राहत असल्याने या स्थानकांवरील भार मर्यादित राही. अरुंद पूल, चिंचोळे जिने आणि स्थानकाबाहेरच्या बोळवजा वाटा ही त्या काळाची निर्मिती होती आणि त्या काळाच्या गरजेला ती पुरी पडत होती.

जमिनीच्या वाटणीचा वाद

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडल्या किंवा आजारी म्हणून घोषित झाल्या. यंत्रांपेक्षा जमिनीचे मोल अधिक, अशी परिस्थिती निर्माण झाली. सुमारे ६०० एकरांची ही जमीन बेटावरील शहराच्या मध्यभागी होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी लोहमार्ग जात होते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीच्या वापरबदलास परवानगी दिली. त्यामागील सूत्र स्थूलमानाने तीन वाट्यांचे होते : सुमारे एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी महानगरपालिकेस, साधारण तेवढीच जमीन परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडास आणि उरलेली मालकास. गिरणीच्या आकारमानानुसार या प्रमाणात थोडाफार फरक होता. १९९६ मध्ये शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अभ्यास प्रामुख्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरता मर्यादित राहिला. तथापि गिरण्यांकडे सुटे भूखंड म्हणून न पाहता सलग नागरी क्षेत्र म्हणून पाहावे, ही त्यामागील दृष्टी मोलाची होती. ती अमलात आली नाही.

२००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीचे सूत्र फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू करण्यात आले. गिरण्यांच्या आवारात बांधकामाची दाटी असल्यामुळे सार्वजनिक वाट्यास येणारे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर घटले. या दुरुस्तीविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने जनहित याचिका दाखल केली. इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून २००१ ची दुरुस्ती ग्राह्य मानली.

या वादातील पक्षकारांची यादी पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. मालकांना विकासाचा हक्क हवा होता, कामगारांना थकीत देणी आणि घरे हवी होती, वित्तसंस्थांना कर्जाची वसुली हवी होती आणि पर्यावरणवादी संस्थांना मोकळ्या जागा हव्या होत्या. यांतील प्रत्येक मागणी जमिनीच्या किंवा पैशाच्या परिमाणात मांडता येण्याजोगी होती. पायाभूत सुविधांवरील ताणाचा उल्लेख वेळोवेळी होत असे; पण तो सर्वसाधारण स्वरूपाचा असे. उद्या इथल्या कार्यालयात नोकरीस येणारा डोंबिवलीचा किंवा विरारचा प्रवासी त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. जो अद्याप आलेला नाही, त्याची बाजू कोणीही वकील मांडत नाही.

याच सुमारास, म्हणजे एप्रिल २००६ मध्ये, केंद्र शासनाने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले. वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे आणि जमिनीचा वापर व वाहतूक यांचे नियोजन एकत्र करावे, ही त्याची मुख्य तत्त्वे होती. न्यायालयीन निर्णय आणि हे धोरण यांच्यात अवघ्या महिन्याभराचे अंतर आहे. गिरणगावात मात्र जे घडले, ते निर्णयानुसार घडले, धोरणानुसार नव्हे.

चौरस मीटरांचे माणसांत रूपांतर

बांधकामाच्या क्षेत्रफळावरून प्रवाशांचा अंदाज बांधणे फारसे अवघड नाही. विवेचनाच्या सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. समजा, गिरणीच्या जागी १ लाख चौरस मीटर वापरयोग्य क्षेत्राची कार्यालयीन इमारत उभी राहिली आणि दर १० चौरस मीटरला एक कर्मचारी बसतो. तर त्या एका इमारतीत १०,००० माणसे कामास येतील. त्यांपैकी ६,००० माणसे सकाळच्या एका गर्दीच्या तासात रेल्वेने येतात असे मानले, तर मिनिटाला सरासरी १०० माणसे स्थानकाबाहेर पडावयास हवीत. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून एका दिशेने मिनिटाला ४० माणसे सुखरूप जाऊ शकतात असे धरल्यास या एकाच इमारतीसाठी, केवळ एका दिशेने, अडीच मीटर रुंदीचा नवा जिना लागेल.

हा हिशेबही अपुरा आहे, कारण प्रवासी मिनिटागणिक सारख्या संख्येने येत नाहीत. उपनगरी गाडी फलाटाला लागली की शेकडो माणसे एकदम उतरतात आणि पुढची गाडी येण्यापूर्वी जिना मोकळा व्हावा लागतो. तो झाला नाही तर दुसऱ्या गाडीचे प्रवासी पहिल्या गाडीच्या प्रवाशांवर येऊन थोपतात. त्यात विरुद्ध दिशेने चढणारे प्रवासी, एका रेल्वेवरून दुसरीकडे जाणारे प्रवासी आणि पावसामुळे आडोशाला थांबलेले प्रवासी मिळवले, म्हणजे सरासरीवर आधारलेला अंदाज किती फसवा असतो, ते कळते. गिरणीच्या पाळ्यांमुळे विभागली जाणारी गर्दी कार्यालयीन वेळेमुळे सकाळ-संध्याकाळच्या एक-दोन तासांत एकवटते, ही बाबही इथे महत्त्वाची आहे.

एल्फिन्स्टन रोड स्थानकालगतच्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या २००५ मध्ये विकल्या गेल्या आणि त्या जागी कार्यालयांचे मनोरे आले. लोअर परळ भागात इतर गिरण्यांच्या जागी व्यापारी संकुले, उपाहारगृहे, माध्यमसंस्थांची कार्यालये आणि उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक प्रकल्पास स्वतंत्र परवानगी मिळाली. प्रत्येकात चटई क्षेत्र, अग्निसुरक्षा आणि वाहनतळ यांची तपासणी नियमानुसार व्हावयाची होती. या सर्व इमारतींत मिळून किती माणसे येतील आणि ती कोणत्या जिन्याने उतरतील, याची बेरीज करणे मात्र कोणत्याही परवानगीची अट नव्हती.

नियमावलीचा कल कोठे होता, हे आणखी एका तरतुदीवरून दिसते. २००८ मध्ये सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकास वाढीव चटई क्षेत्र देण्याची सवलत नियमावलीत समाविष्ट झाली. परळ परिसरातील प्रकल्पांनीही तिचा लाभ घेतला. मोटार उभी करण्याची जागा दिल्याबद्दल अधिक बांधकाम, पण स्थानकाकडे जाणारी वाट रुंद करून दिल्याबद्दल तसा मोबदला नाही, असा हा हिशेब होता. ज्या भागात येणारे बहुसंख्य लोक रेल्वेने येतात आणि पुढे चालत जातात, तिथे प्रोत्साहन मोटारीला मिळाले.

अधिकारक्षेत्रांची विभागणी

या परिस्थितीची जबाबदारी एका व्यक्तीवर किंवा एका पक्षावर टाकणे सोपे असले तरी विश्लेषणाच्या दृष्टीने अपुरे ठरते. दोष रचनेत आहे. विकास नियंत्रण नियमावलीस मंजुरी राज्याचा नगरविकास विभाग देतो. इमारतीचे नकाशे महानगरपालिका मंजूर करते. फलाट, जिने आणि स्थानकातील पूल रेल्वेच्या अखत्यारीत असतात, आणि परळ-प्रभादेवी येथे तर एकाच पादचाऱ्याच्या वाटेत दोन रेल्वे प्रशासने येतात. पूल उतरल्यावरचा रस्ता, पदपथ आणि फेरीवाल्यांचे नियमन पुन्हा महानगरपालिकेकडे जाते. मोनोरेल आणि उन्नत मार्ग महानगर प्रदेश विकास प्राधिकरण उभारते. प्रवाशाच्या दृष्टीने घरापासून कार्यालयापर्यंतचा प्रवास सलग असतो. शासनाच्या दृष्टीने तो पाच-सहा तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्या तुकड्यांचे सांधे कोणाच्याच अखत्यारीत नसतात.

याचा खर्चाशीही थेट संबंध आहे. वाढीव बांधकामातून मिळणारे अधिमूल्य आणि विकास शुल्क राज्य व स्थानिक यंत्रणांकडे जमा होते. त्या बांधकामामुळे वाढलेली गर्दी सांभाळण्याचा खर्च मात्र रेल्वेच्या अर्थसंकल्पातून व्हावा, अशी अपेक्षा असते. लाभ एका तिजोरीत आणि भार दुसऱ्या तिजोरीवर, अशी विभागणी असेल तर पूल रुंद करण्याची निकड कोणालाच वेळेवर जाणवत नाही.

दुर्घटना आणि तिच्यानंतर

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. जोराचा पाऊस सुरू होता, अनेक प्रवासी पुलावर थांबून राहिले होते आणि गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांची त्यात भर पडत होती. नव्या, अधिक रुंद पुलास त्यापूर्वीच मंजुरी मिळालेली होती, परंतु काम सुरू झालेले नव्हते. त्या दिवशीचे तात्कालिक निमित्त पावसाचे होते. पण वर केलेला जिन्याचा हिशेब ध्यानात घेता, अशा घटनेची शक्यता अनेक वर्षे तिथे साचत होती, असे म्हणणे भाग आहे.

दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांकडे काम सोपवण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ अखेर एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथील नवे पादचारी पूल खुले झाले. मार्च २०१९ मध्ये परळ येथून उपनगरी गाड्या सुटू लागल्या. काही महिन्यांत होऊ शकणारे काम दहा-पंधरा वर्षे झाले नव्हते, एवढे यावरून सिद्ध होते. यात तांत्रिक किंवा आर्थिक अशक्यता नव्हती. निकड मान्य होण्यासाठी माणसे दगवावी लागली, ही यातील खरी गंभीर बाब आहे.

रचनेतील दोष त्यानंतरही कायम राहिला, हे लोअर परळच्या डिलाईल रोड पुलावरून दिसते. धोकादायक ठरल्याने हा पूल जुलै २०१८ मध्ये बंद करण्यात आला. रुळांवरील भाग रेल्वेने आणि दोन्ही बाजूंचे उतार महानगरपालिकेने बांधावयाचे होते. पूल पूर्णतः खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षांहून अधिक काळ या भागातील रहिवासी आणि कर्मचारी वळसे घालून ये-जा करत होते.

नव्या प्रकल्पांचे मूल्यमापन

गिरणगावात वाहतुकीचे प्रकल्प झालेच नाहीत, असे नाही. मोनोरेलचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू होऊन ती लोअर परळमार्गे संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. परंतु अपेक्षित प्रवासी तिला मिळाले नाहीत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये यंत्रणेच्या सुधारणेसाठी तिची सेवा स्थगित करण्यात आली. भुयारी मेट्रो मार्गिका ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी संपूर्ण सुरू झाली. तिची सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक आणि महालक्ष्मी ही स्थानके या परिसराच्या पश्चिम कडेला आहेत. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु मेट्रोच्या स्थानकापासून गिरण्यांच्या आवारातील कार्यालयापर्यंतचा प्रवास पुन्हा पायीच करावयाचा असल्याने पदपथांचा प्रश्न तिथेही उरतोच.

शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी प्रभादेवीचा जुना रस्तापूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. त्याच्या बंद होण्यास लगतच्या इमारतींतील रहिवाशांनी आधी विरोध केला होता. याच परिसरात पुनर्वसन व्हावे, ही त्यांची मागणी होती. अटल सेतू आणि पश्चिम किनारा यांना जोडणारा हा मार्ग मुख्यतः मोटारींसाठी आहे. गिरणगाव ओलांडून जाणाऱ्यांची सोय आणि गिरणगावात राहणाऱ्यांची व येणाऱ्यांची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान सार्वजनिक चर्चेत राखले पाहिजे.

घरांच्या प्रश्नातही वाहतूक अशीच दडलेली आहे. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. नंतरच्या योजनांत पनवेलजवळील कोन, तसेच शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे आला. मुंबईबाहेरील घरांना कामगार संघटनांनी विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात आंदोलन झाले. ज्या कुटुंबाची मागील पिढी चालत गिरणीत जात होती, त्याच कुटुंबातील तरुण वांगणीहून गाडी पकडून लोअर परळच्या कार्यालयात येणार असेल, तर जमिनीच्या वाटणीतील निर्णयाची किंमत तो रोज प्रवासाच्या तासांत मोजणार आहे. तसे पाहिल्यास घरांचा वाटा आणि स्थानकावरील गर्दी हे एकाच प्रश्नाचे दोन भाग ठरतात.

निष्कर्ष

गिरणगावच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पुनर्विकासाची परवानगी देताना भूखंडागणिक विचार न करता स्थानकाच्या परिसराचा एकत्रित विचार व्हावयास हवा आणि मंजूर बांधकामामुळे वाढणाऱ्या पादचाऱ्यांची बेरीज सार्वजनिकरीत्या उपलब्ध असावी. दुसरा असा की, इमारतीच्या वापरास अंतिम परवानगी देण्यापूर्वी तिच्याकडे जाणारी पायवाट, पूल आणि जिना पुरेसा आहे काय, याची तपासणी अनिवार्य असावी. अग्निसुरक्षेची तपासणी जशी टाळता येत नाही, तशी हीही टाळता येऊ नये. तिसरा असा की, वाढीव बांधकामातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्याच परिसरातील पादचारी सोयींसाठी राखून ठेवावा, मग ती जागा रेल्वेची असो वा महानगरपालिकेची. नागरी परिवहन धोरणाने एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाची शिफारस केलेली आहे. अशा प्राधिकरणास वैधानिक अधिकार असल्याशिवाय सांध्यांचा प्रश्न सुटणार नाही.

या सूचनांवर आक्षेप घेता येतो. परवानग्यांची साखळी आधीच लांब असताना आणखी एक अट घातल्यास घरे महागतील, असे विकासक म्हणतील, आणि या म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु ती किंमत आज टळत नाही. ती केवळ मालकाच्या हिशेबातून निघून प्रवाशाच्या हिशेबात जाते. २०१७ मध्ये ती कोणत्या स्वरूपात भरावी लागली, ते आपण पाहिले आहे.

धारावी, नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी यांचा पुनर्विकास आज चर्चेत आहे. तिथेही चर्चा पुन्हा घराच्या चौरस फुटांभोवती आणि मनोऱ्यांच्या मजल्यांभोवती फिरत आहे. ती आवश्यक आहेच. तिच्या जोडीला स्थानकावरच्या माणसांची मोजणी हवी. हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या जवळच्या स्थानकावर गर्दीच्या वेळी माणसे मोजली, जिन्यांची रुंदी मापली आणि परिसरात मंजूर झालेल्या बांधकामाशी तिचा ताळा घातला, तर सार्वजनिक वादाला आज नसलेली माहिती मिळेल. गिरणगावच्या वादात ती माहिती कोणी वेळेवर मांडली नाही. इतर परिसरांच्या बाबतीत अजून वेळ आहे.